रुमालाची खुर्ची

खडकीच्या कारखान्यातून सुटून, दोन बसमध्ये उभ्याने लोंबकळत अस्मिता वारज्यातल्या नागरिकांच्या सभेला पोचली, तेव्हा लाइट मेट्रोसाठी घरपट्टी वाढू द्यायची का यावरचं भांडण संपून मतदान सुरू होत होतं. “उभ्यांचे हात मोजले जाणार नाहीत, आधी बसून घ्या,” अध्यक्ष खेकसले. एकच खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर घडी घातलेला रुमाल होता. ती बसणार, तोच शेजारचे गृहस्थ म्हणाले, “अहो, रुमाल दिसत नाही का? जागा गोडबोल्यांची आहे. गाडी हलवायला गेलेत, पार्किंग सापडत नाहीये.” अस्मिताने भिंतीशी उभं राहूनच प्रस्तावाच्या बाजूने हात वर केला. अध्यक्षांनी तो वगळला. विरोधातले हात मोजताना मात्र ते रुमालापाशी थांबले. “गोडबोले विरोधातच ना? धरा एक.” “मग माझाही रुमाल मोजा,” अस्मिता पर्समधला रुमाल उंचावत कडाडली, “मला उभं राहायची सवय आहे.”