दर माणशी सर्पदंश

"एका पेशंटमागं नऊ हजार पडतात, बहिरूभाऊ." कल्पेशनं जीपच्या बॉनेटवर लॅपटॉप उघडला. "आफ्रिकेत एके ठिकाणी हेच काम मोटारसायकलवर सातशेत होतं."

"साप कमी चावले, त्यात माजा काय दोष?" जीपचा ड्रायव्हर बहिरू म्हणाला.

कल्पेश हा ओतूरच्या शांतीलालशेठ कापडवाल्यांचा नातू. लंडनच्या एका दानशूर संस्थेचा पैसा तो जगभर लावत असे, शेअरमध्ये लावावा तसा. साप चावलेल्यांना दवाखान्यात नेणारी ही जीपही त्याच पैशावर धावे. रुपयामागं जिथं जास्त जीव वाचतात तिथं घालायचा, बाकीच्या ठिकाणचा काढून घ्यायचा. यात रागलोभ नव्हता. हीच त्या पद्धतीची खुबी.

"सहा महिने देतो. पेशंट वाढले तर जीप राहील."

बहिरूला जीप राहायला हवी होती. ती येण्याआधी साप चावलेला माणूस डोंगरातल्या वाड्यांवरून झोळीत घालून घोडेगावला न्यावा लागे. त्याचा थोरला भाऊ तसाच नेला होता. झोळी उतरवली तेव्हा घाई संपली होती.

त्यानं वाडीवाडीत बैठका घेतल्या, अडचण समजावून सांगितली. लोक समजूतदार निघाले.

पहिल्या महिन्यात चार पेशंट, तिसऱ्यात एकोणीस, पाचव्यात एकसष्ट. लंडनहून कौतुकाचा मेल आला. साप आठवड्यातल्या एका ठरावीक वारीच जास्त चावतात, हे कल्पेशच्या नजरेतून सुटलं नाही. त्यावर त्यानं स्वतंत्र अभ्यास सुचवला.

सहाव्या महिन्यात तो घोडेगावला दवाखान्याच्या दारात येऊन थांबला. त्या दिवशी बहिरूच्या जीपमध्ये अकरा पेशंट होते. प्रत्येकाच्या पायाला फडकं बांधलेलं, मांडीवर पिशवी.

वाटेत उतारावर म्हातारी धोंडाबाई हात करून उभी होती. दुसऱ्या हाताला पदर गुंडाळलेला.

"बहिऱ्या, मला फुरसं चावलं रं."

मागून गेणभाऊ कांद्याच्या गोणीवरून वाकला. "आमालाबी चावलंय, म्हातारे. जागा न्हाई. बाजारला मागच्या एस्टीनं ये."

जीपभर हशा पिकला. बहिरूही हसला आणि त्यानं गिअर टाकला.

घोडेगावला अकरा पेशंट फोटोसाठी ओळीनं उभे होते, तेवढ्यात धोंडाबाई स्टँडवरून चालत आली आणि दवाखान्याच्या पायरीवर कोसळली. हात कोपरापर्यंत सुजला होता.

तासाभरानं डॉक्टर बाहेर आले. "वेळेत आली. वाचेल."

बहिरूनं ओळीकडं बघितलं. गेणभाऊ खाली बघून पायाचं फडकं सोडत होता.

संध्याकाळी कल्पेश धोंडाबाईच्या खाटेशी बसला. "आजी, कशानं आलात?"

"एस्टीनं."

"तिकीट किती पडलं?"

"तिकीट कशाचं? पंच्याहत्तरी उलटली माजी. सरकार फुकाट नेतंय."

कल्पेशनं लॅपटॉप उघडून आकडा टाकला. वाचलेला जीव एक, खर्च शून्य. संस्थेच्या एकेचाळीस देशांत याच्याइतका परतावा कुठंच नव्हता.

दारात उभ्या असलेल्या बहिरूकडं वळून त्यानं जीपची किल्ली मागितली.