शेवटची वेणी

बर्मिंगहॅमच्या भेटकेंद्रात छोटी टियाना आमच्या देखरेखीखाली आईला भेटत होती. आईने पर्समधून टोकदार दांड्याची फणी काढताच माझी गोरी सहकारी फिओना धोक्याच्या घंटीकडे झेपावली. “थांब! फणी आहे ती,” मी खेकसले. आम्हा काळ्यांच्या घरी अशाच फणीने भांग पाडतात. सरकारने आईपासून काढून गोऱ्या कुटुंबाकडे सोपवल्यापासून पोरीच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. फणी दिसताच ती आपणहून आईच्या गुडघ्यांमध्ये जाऊन बसली. शेवटच्या वेणीला मात्र हुंदके देऊ लागली. “केस ओढतेय बघ! भेटी बंदच करायला हव्यात,” फिओना फणकारली. “तिलाच विचार की,” मी म्हटलं. “दुखतंय का गं?” फिओनाने विचारलं. “नाही. वेण्या संपल्या की मला परत त्या घरी न्याल ना?” आईने शेवटची वेणी उकलली. फिओनाने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ते भिंतीवरून काढून पालथं ठेवलं.