दोन अटी आणि एक क्ष

दिलेले.

१९३६, रिसोड. मारोतराव मास्तरांनी बायकोला, पंचफुलेला, घरीच बीजगणित शिकवलं, आणि गाव म्हणू लागलं, मास्तरपेक्षा मास्तरीणबाई हुशार. मुलींच्या नव्या दुपारच्या शाळेनं तिला शिक्षिका म्हणून बोलावलं, त्या दिवशी मास्तरांना भाकर गोड लागली नाही.

अटी.

"जाय ना! मी कायले अडवू?" मास्तर म्हणाले. "फक्त पाचले मी घरी आल्याशिवाय उंबरा ओलांडाचा नाही. अन् तीन वाजल्यानंतर बाहेर दिसाचं नाही."

उकल.

पंचफुलेनं पाटीवर दोन वर्गमुळं मांडली. एका चिन्हाखाली क्ष उणे पाच, दुसऱ्याखाली तीन उणे क्ष.

"क्ष म्हंजे मायी शाळेत जायाची वेळ. मुळाखाली ऋण संख्या आली की गणित मोडते, हे तुमीच शिकवलं. पयल्या मुळाले पाच नाही तं त्याच्या पुढचा क्ष पाह्यजे, दुसऱ्याले तीन नाही तं त्याच्या आतला. दोन्हीले चालन असा क्ष हाये कुठी? आता तुमीच सांगा मास्तर, मी कवा जाऊ?"

मास्तरांनी पाटी उजेडात धरली. वरून खाली चूक शोधली, मग खालून वर शोधली. एक तरी सापडावी म्हणून शोधली.

उत्तर.

त्यांनी बोटानं पहिलं मूळ पुसलं आणि पाटी तिच्या हातात दिली.

 

"एक वाजता जाय. पण पोरीइले पयल्याच दिवशी सांगजो, हे तुले शिकवलं कोनं."