धक्क्यांची इंटर्नशिप

मोठ्या संशोधन प्रयोगशाळेत तिला सुट्टीतली इंटर्नशिप मिळाली, तेव्हा आईने फोन करून करून सगळ्या नात्यागोत्याला कळवलं. काम एकच होतं. दोन पायांवर चालणाऱ्या रोबोला धक्के द्यायचे, म्हणजे तो तोल सांभाळायला शिकेल.

"ढकलायचंच होतं, तर घरात धाकटा भाऊ काय वाईट होता?" आई म्हणाली.

मग तीही इरेला पेटली. पुढून, पाठीमागून, कधी कोपराने तर कधी चाकाची खुर्ची अंगावर सोडून तिने रोबोला सळो की पळो करून सोडलं. तो धाडकन पडायचा, उठायचा, की हिचा हात पुढे! शेवटच्या आठवड्यात ती अहवाल लिहायला बसली आणि धक्के द्यायचं काम इतरांनी घेतलं. रोबो खांबासारखा उभा!

मग पाहुणे आले. त्यांच्या होकारावर सगळा प्रकल्प टिकून होता. त्यांच्यातल्या एका धिप्पाड गृहस्थाने अंगातला सगळा जोर लावला, तरी रोबो जागचा हलला नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना स्वर्ग दोन बोटं उरला.

"आता याला कुणीही पाडू शकत नाही! आणि हे सगळं श्रेय आमच्या या पोरीचं. ये गं, हात मिळव त्याच्याशी."

तिने लाजत लाजत हात पुढे केला.



रोबोने तिच्याकडे पाहिलं, गुडघे दुमडले आणि हात लागायच्या आतच मुकाट्याने फरशीवर आडवा झाला.