निवांत हात

त्या दुपारी घरात दोनच गोष्टी हलत होत्या: पंखा आणि बाबांचा उजवा हात. शुक्रवारची सुट्टी, म्हणून आमच्या कामतघर वस्तीतले लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद होते. एरवी त्यांच्या धडधडीनं आमच्या भिंतीसुद्धा थरथरतात. त्यामुळे दोन वर्षं बाबांचा कंप कुणाच्या लक्षातच आला नाही.

डॉक्टरांनी नीट बघून यायला सांगितलं होतं: हात निवांत असताना थरथरतो, की काम करताना? औषध त्यावरच ठरणार होतं.

मांडीवरचा हात सेकंदाला पाच वेळा हलत होता. चहाचा कप उचलताच थांबला.

"मोज, मोज," बाबा हसले. "लूमकडं पण एवढं कोणी बघत न्हाय."

"झोपेत थांबतो का, तेही बघायचंय बाबा."

"झोपंत तुझी आई धरते ना."

आईला जाऊन तीन वर्षं झाली.

बाबा नेहमीसारखे पलंगाच्या कडेला, तिची जागा सोडून झोपले. हात त्या रिकाम्या जागेकडे गेला आणि शांत झाला. बोटं हलकेच मिटली. चेहरा सैलावला.

मी वाकून पाहिलं आणि मोजपट्टी आणली.

विसाव्या मिनिटालाही तळहात गादीपासून साडेचार सेंटिमीटर वर, अधांतरी होता.