नेत्रयज्ञाची सायकल

"माझ्याबिगर ही एकटी न्हाय जायची," बिभीषण दारात आडवा उभा राहून म्हणाला.

अंबादासनं सायकल भिंतीला टेकवली. तहसील कचेरीतला कारकून तो. अडून बसलेल्या माणसाशी घाई करून चालत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

"मंडळाचा नियमच आहे, बिभीषणराव. नातलग आणायचे नाहीत. शाळेच्या चार खोल्या, त्यात साठ रुग्ण. आठ दिवस आम्ही सांभाळतो आणि आम्हीच आणून सोडतो."

महाराष्ट्र होऊन दुसरं वर्ष होतं. धाराशिवच्या सेवा मंडळात कारकून आणि मास्तर मिळून अकरा जण होते आणि सायकली नऊ. संक्रांत झाली की ही मंडळी नेत्रयज्ञ भरवत. सोलापूरहून डॉक्टर येत, आणि मंडळाच्या सायकली गावोगाव जाऊन मोतीबिंदू झालेली माणसं कॅरिअरवर बसवून आणत. बसायला गोधडीची घडी, सुतळीनं आवळलेली. गावातले टवाळ या फेरीला आंधळ्यांची वरात म्हणत. मंडळी रागवत नसत, वरातीत ढकलायला माणूस हवाय, येता का, असं उलट विचारत.

"दिवाळीपासनं दिसंना झालंय हिला," बिभीषण म्हणाला. "ताटातली भाकरी चाचपडती. परवा उंबऱ्याला ठेचकाळली." त्याचा आवाज उतरला. "येतील न्हवं डोळं माघारी?"

"मोती पिकला असेल तर नक्की. कच्चा असला तर डॉक्टर हात लावत नाहीत, परत पाठवतात."

सिताबाई भिंत धरत बाहेर आली. परका माणूस दारात, म्हणून पदर पार नाकापर्यंत ओढलेला. "जाऊ द्या मला," ती नवऱ्याला म्हणाली. "गल्लीतली लक्ष्मम्मा गेल्या साली जाऊन आली न्हाय का? लई मायेनं करत्यात म्हनली."

बिभीषणनं मग आणखी ताणलं नाही. त्यानंच तिला कॅरिअरवर बसवलं, पाय चाकात जाऊ नयेत म्हणून लुगडं नीट खोचलं आणि शेंगदाण्यांची पुरचुंडी हातात दिली. सायकल वळणाआड होईपर्यंत तो रस्त्यात उभा होता.

बेंबळी गाव मागं पडलं. सिताबाई एकदम म्हणाली, "पिकला नसंल तर लगीच माघारी धाडत्यात व्हय?"

"लगेच नाही, मावशी. आधी तपासणी. दुपार होतेच."

"बरं," ती म्हणाली.

रस्ता खडीचा. एका खड्ड्याआधी तिनं त्याचा सदरा घट्ट धरला, आणि मगच चाक आदळलं. डोळे गेले की बाकीची इंद्रियं तल्लख होतात, असं अंबादासनं कुठंतरी वाचलं होतं. वाचलेलं खरं निघालं की कारकुनाला फार बरं वाटतं.

अर्ध्या वाटेवर त्यानं चिंचेखाली सायकल थांबवली आणि विहिरीचं पाणी शेंदून तिला तांब्या दिला. तिनं तो नुसताच धरून ठेवला.

"भीती वाटते का मावशी? दुखत नाही फारसं."

"दुखायचं काय न्हाय, बाबा." तिनं पाणी पिऊन तोंड पुसलं. "मला एक लेक हाय. सात वर्सं तिचं तोंड दिसलं न्हाय. परजातीच्या मास्तराशी लगीन लावलं तिनं. मालक म्हनले, तिकडं पाऊल टाकलंस तर ह्या घरात यायचं न्हाय. त्यांनी बी त्या दिसापासनं गोड खाल्लं न्हाय."

"कुठं असते लेक?"

"धाराशिवलाच म्हनत्यात. अयोध्या नाव हाय."

तांब्या परत घेता घेता अंबादास थबकला. अयोध्याबाई! मंडळातल्या शिवशरण मास्तरांची बायको. गेली तीन वर्षं नेत्रयज्ञात कापूस उकळायला, रुग्णांच्या डोळ्यांत औषध घालायला तीच तर असायची.

शब्द त्याच्या ओठांवर आले होते. पण मोती कच्चा निघाला तर? लेक हातभर अंतरावर, आणि तिचं तोंड न बघताच या माउलीला परत न्यायचं? त्यापेक्षा आत्ता बोलूच नये. शस्त्रक्रिया होऊ दे, पट्टी सुटू दे, आणि पहिलं तोंड दिसू दे ते अयोध्येचं. त्या घटकेला आपण कुठं उभं राहायचं, हेसुद्धा त्यानं मनात ठरवून टाकलं. त्याचे डोळे भरून आले. 'आई भवानी, एवढा एक मोती पिकलेला असू दे,' असं म्हणत त्यानं पायडल मारलं. पुढचे सहा मैल तो कधी नव्हे इतक्या जोरात सायकल हाणत होता.

शाळेत पोचल्यावर सिताबाईचं नाव त्यानं मुद्दाम हळू आवाजात नोंदवलं. तपासणीच्या खोलीत बाकांवर दाटीनं माणसं बसली होती. पलीकडे खिडकीपाशी अयोध्याबाई पाठमोरी, स्टोव्हवरच्या पातेल्यात वाकलेली. छान जमलंय, असं अंबादासला वाटलं. सिताबाईचा हात धरून त्यानं तिला डॉक्टरांपुढच्या स्टुलावर बसवलं.

डॉक्टरांनी पदर वर सारायला लावला. बॅटरीचा उजेड एका डोळ्यात पाडला, मग दुसऱ्यात. मग पुन्हा पहिल्यात.

"कच्चा आहे का हो?" अंबादासचा आवाज चिरकला.

"कच्चा कसला? मोती नाहीच. या बाई सुईत दोरा ओवतील! दिसत नाही म्हणून कुणी सांगितलं तुम्हाला?"

अंबादास वळला तेव्हा स्टूल रिकामं होतं. बाकांच्या दाटीतून, कुणालाही धक्का न लावता, सिताबाई सरळ खिडकीपाशी जाऊन पोचली होती. पातेल्यावर वाकलेल्या बाईची हनुवटी धरून तिनं तोंड वर केलं.

"किती गं वाळलीस, अयोध्या."