काळूतले नारळ

"खोटं!" वाळू ओरडला. पिक्चर सुरू होऊन अजून हातातला चहाही निवला नव्हता.

उभी नोकरी पाणबुडीत काढलेला माणूस. त्याच्यासमोर पाणबुडीच्या लढाईचा पिक्चर लावायचा म्हणजे आग्या मोहोळात हात घालायचा! पण कमळनं, त्याच्या बायकोनं, मुद्दाम लावला होता. आपला नवरा पाण्याखाली नेमका कसा राहायचा, हे तिला एकदा बघायचंच होतं.

"पाणबुडीला एवढी मोठी खिडकी असते का रे, गाढवांनो? आन दुश्मन डोक्यावर असताना कप्तान बोंबलतोय बघ! आमी तवा आवाज वर जाऊ नये म्हणून पळीसुद्धा फडक्यात गुंडाळून ठेवायचो."

"अवो, बघू द्या की मला!"

पडद्यावर सूर्य समुद्रात बुडाला. वाळू तर उठूनच उभा राहिला.

"विशाखापट्टण म्हणतात आन सूर्य पाण्यात बुडवतात! अगो, तो पूर्वेचा समुद्र. तिथं सूर्य पाण्यातनं उगवतो. सगळी नोकरी माझी तिथंच गेली, आन मला शिकवतात!"

कमळ हसली नाही. पदराशी चाळा करत म्हणाली, "एक इचारू? तुमी चूक काढाल म्हणून आजवर बोलले नाय."

"इचार."

"तुमी पाण्याखाली असायचे ना, तवा मी दर नारळी पुनवेला आपल्या काळू नदीत नारळ सोडायची. नदी समुद्रालाच जाते. म्हणायची, दर्याबाबा, माझा माणूस सुखरूप वर धाड. तो नारळ पोचायचा का वो तुमच्यापत्तर?"

चूक काढायला वाळूनं तोंड उघडलं. काळू उल्हासला मिळते, उल्हास वसईच्या खाडीला. म्हणजे सगळे नारळ गेले पश्चिमेच्या समुद्रात, आणि हा तेव्हा देशाच्या पार दुसऱ्या अंगाला. जिभेवर आलेली चूक त्यानं गिळली.

"पोचायचा गो," तो खाली बसत म्हणाला. "वरनं टक्क करून आवाज यायचा. सगळे गप होऊन ऐकायचे. मला कळायचं, घरचा हाय."

कमळचा चेहरा उजळला. मग तिनं टीव्हीकडे बघितलं आणि नाक मुरडलं.

"मंग ह्यांनी ते कुठं दाखवलंय? खोटाच हाय हा पिक्चर."